राजमाता मेघावतीची ओवाळणी

एका राज्यात एक नदी होती, आणि तिला आवाज नव्हता. पाणी खडकावर आपटे, फेस उसळे, तुषार उडत. आणि कान लावून बसावं तर काही नाही. जणू कुणी स्वप्नात पाहिलेली नदी. घाटावर बायका धुणं आपटत, तेही वाजत नसे. गाईंच्या गळ्यातल्या घंटा नुसत्या हलत. देवळातली घंटा ओढली तर दोर हाताला लागे, नाद कानाला लागत नसे. पाखरं फांदीवर बसत, चोच उघडत, पुन्हा मिटत, आणि ओशाळल्यासारखी इकडे-तिकडे बघत. माणसांचं बोलणं तेवढं उरलं होतं. आणि त्या बोलण्याचं माणसं काय करीत? राजमाता मेघावतीला नावं ठेवीत.

मेघावती म्हणजे राजा मृदुसेनाची आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोकांच्या जिभेवरून गेली नव्हती. लोक सांगत ते असं.

म्हातारा राजा वारला. त्याची चिता निवली नव्हती, तोच मेघावतीचा भाऊ सैन्य घेऊन वेशीवर आला. हा भाऊ म्हणजे काजळगडचा मांत्रिक राजा अंजनसेन. त्याचं सैन्य सावल्यांचं. ते ज्याच्या अंगावरून जाई त्याची सावली उठून सैन्यात सामील होई, आणि बिनसावलीचा माणूस जागच्या जागी कलंडे. थोरला राजपुत्र रणधवल तलवार उपसून उभा राहिला. राज्यात एक जुना नगारा होता. तो वाजला की त्या राज्याची हार होत नसे. रणधवल नगाऱ्याकडे धावला. आणि तेवढ्यात मेघावतीनं काय केलं? आपल्या हातानं महादरवाजा उघडला. भावाला आत घेतलं, पाटावर बसवलं, जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी भाऊ परत गेला, तो नगारा घेऊन आणि शूर रणधवलाला घेऊन. गादीवर बसला धाकटा मृदुसेन, जो वीज चमकली तरी आईच्या पदराखाली शिरे.

"वाघ दिला, ससा ठेवला," लोक म्हणत. "मीठ खाल्लं सासरचं, घर भरलं माहेरचं." एखाद्या सुनेनं माहेरचं नुसतं नाव काढलं तरी सासू म्हणे, "झाली बाई ही मेघावती!" की सून गप्प.

मेघावतीही गप्प. मागच्या महालात एकटी राहिली. तिनं कुणाला काही सांगितलं नाही, आणि कुणी तिला विचारलं नाही. ती गेली त्या दिवशी नदीचा आवाज बंद झाला. मग घंटा गेल्या, मग पाखरं गेली. "बघा," लोक म्हणाले, "मरता मरता शाप देऊन गेली."

अशा त्या राज्यात मृदुसेनाला मुलगा झाला. सुईणीनं त्याला पालथं धरलं, पाठीवर थोपटलं. मुलानं तोंड उघडलं, चेहरा लालबुंद केला, मुठी आवळल्या. आणि आवाज आला नाही. सुईण त्याच्याकडे बघत राहिली. राणीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

राजवैद्य म्हणाला, "महाराज, ज्या मुलाला रडता येत नाही त्याचा श्वास वाढत नाही. रोज थोडा थोडा आटतो आहे. अमावास्येच्या पुढचं मी काही सांगू शकत नाही."

प्रधान म्हणाला, "महाराज, मूळ उपटल्याशिवाय वेल मरत नाही. राजमातेची समाधी खणून काढावी. अस्थी सीमेपार टाकाव्यात. शाप जाईल."

राजा पाळण्याकडे बघत होता. "अमावास्येला खणा," तो म्हणाला. आपल्याच आईबद्दल बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की प्रधानाला पुन्हा विचारावं लागलं.

राजाला एक मुलगी होती, बकुळा. ती बापावर गेलेली. पान पडलं तरी दचके, भिंतीवर स्वतःची सावली चढली तरी दचके. त्यात राज्य हे असं मुकं. मागून कोण येतंय ते कळायची सोय नाही. दासी हळूच म्हणत, "ताईसाहेबांच्या पायात सशाचं काळीज आहे." पण हीच बकुळा दिवसभर भावाला छातीशी धरून बसे. त्याचं रडणं कानाला कळत नव्हतं, छातीला कळत होतं. पहिल्या दिवशी ते ढोलकीसारखं आपटे. पुढं पुढं फुलपाखरासारखं झालं.

तेव्हा बकुळा उठली. दिव्याला तेल घेतलं आणि भर दुपारी आजीच्या समाधीवर गेली. आजीच्या पाया पडून म्हणावं, शाप मागं घे. एवढंच तिच्या मनात होतं.

समाधीवर गवत माजलं होतं. ती पुढं पाऊल टाकते तोच आवाज आला. त्या राज्यात, आवाज!

"थांब, थांब! डोळे आहेत की भोकं?"

बकुळा दचकून खालीच बसली. समोर एक टिटवी पंख फरफटत, लंगडत चालली होती आणि बोंब मारीत होती. बकुळाला वाईट वाटलं. "अगं, पंख मोडला का तुझा?" म्हणत ती मागं मागं गेली. ओढ्याजवळ पोचताच टिटवी टुणकन उडाली आणि धडधाकट पंख मिटून दगडावर बसली.

"मोडलाय कुठला! अंड्यांवर पाय देत होतीस. तुला तिथून हलवायचं होतं."

"मग तिथंच ओरडायचं."

"आणि साऱ्या कोल्ह्यांना पत्ता द्यायचा? जिथं घरटं असतं तिथं ओरडायचं नसतं, बाई. लोक म्हणतात, टिटवी अपशकुनी, नसत्या ठिकाणी बोंबलते. म्हणेनात. अंडी वाचतात."

"सगळ्या पाखरांचा आवाज गेला. तुझा कसा राहिला?"

"माझा आवाज हवा होता कुणाला? नकोसं असतं ते कधी हरवतं का?"

बकुळानं येण्याचं कारण सांगितलं. टिटवीनं मान वाकडी केली.

"शाप? तिनं दिला? वेडी आहेस. सांगायचं राहून गेलेलं फार जड असतं, मुली. ती होती तोवर तिनं एकटीनं उचललं. ती गेली, ओझं राज्यावर येऊन पडलं. तुमचे आवाज त्याखाली दबलेत. आता तुझ्या भावाचा दबलाय."

"काय सांगायचं राहिलं होतं?"

"ते मला ठाऊक असतं तर मी गप्प बसले असते का? मी टिटवी आहे! ज्यांच्यावरून तिला नावं ठेवतात त्यांनाच विचार. दरवाजा, नगारा आणि मुलगा. दरवाज्याला विचारायला लाजू नकोस. नगाऱ्याला वाजवू नकोस. मुलाशी खोटं बोलू नकोस. जा आता, माझी अंडी गार होताहेत."

बकुळा महादरवाज्याशी आली. येणारे-जाणारे त्या दरवाज्यावर थुंकत, म्हणून त्याच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या. तिनं चारी बाजूंना पाहिलं, कुणी नाही असं बघून पुटपुटली, "दरवाजेबुवा..."

"मोठ्यानं बोल. आणि आधी बिजागरीला तेल घाल," दरवाजा म्हणाला.

बकुळा दोन पावलं मागं सरली, मग परत पुढं आली. दिव्याचं तेल तिनं बिजागरीत ओतलं.

"हं. बरं वाटलं. विचार."

"आजीनं उघडलं होतं का तुम्हाला?"

"हो."

"आतून?"

"आतून, आपल्या हातानं. नुकत्याच बांगड्या फुटल्या होत्या तिच्या. मनगटावर ओरखडे होते. अडसर मोठा, तिला उचलेना. खांदा लावून उचलला."

"म्हणजे लोक म्हणतात ते खरंच."

"लोक एवढ्यावरच थांबतात. सावलीला कधी दरवाजा लागतो का गं? सावली फटीतून येते. त्याचं निम्मं सैन्य माझ्या खालून आत आलंच होतं. तसा आला असता तर शत्रू म्हणून आला असता. तिनं मला सताड उघडलं, उंबरठ्यावर त्याचे पाय धुतले, भाकरतुकडा ओवाळून टाकला. ज्याचे पाय धुतले त्याला त्या घरात शस्त्र धरता येत नाही. मांत्रिकाला तर मुळीच नाही. त्याचं सगळं बळ विधींवर चालतं."

एवढं बोलून दरवाजा उघडला, आणि बकुळा राज्याबाहेर पडली.

वाट धुक्यातून गेली. झाडं पाण्यात उलटी उभी असावीत तशी दिसत. एके सकाळी ती एका तळ्याशी आली. पलीकडच्या काठावर काजळगड, आणि मधे पाण्यावर एक नगारा तरंगत होता. पालथ्या घातलेल्या घुमटाएवढा. तो हळूहळू काठाला लागला.

"आलीस? राजाच्या रक्ताची दिसतेस," नगारा म्हणाला. त्याचा आवाज तिच्या दातांत घुमला. "वरती टिपरू आहे. एकच मार. काजळगड कोसळेल. जिंकशील."

टिपरू खरंच होतं. बकुळाला वाटलं, एकदाच. मग कशाला कुणाला विचारायचं? भाऊ वाचेल.

"आजोबांनी वाजवला होता का तुम्हाला?"

"एकदा. जिंकले."

"मग गावात जल्लोष झाला असेल."

नगारा जरा घुटमळला. "करायला कोण होतं? मी वाजलो की माणसं जिंकेपर्यंत लढतात, आणि थांबायचं विसरतात. राजा तेवढा परत आला. त्या वर्षी राज्यात बायकाच नांगर धरीत होत्या. तुझी आजी तेव्हा नवी नवरी होती. वेशीवर उभी राहून ती परत येणाऱ्यांची वाट बघायची."

टिपरू बकुळाच्या हाताजवळ सरकलं. तिनं हात पाठीमागं नेले.

"नको. मला मोठ्या आवाजाची भीती वाटते."

नगारा हसला, तळं डुचमळलं. "शूर माणूस माझ्याजवळ आला की त्याचा हात राहत नाही. भित्र्यांनाच मी पलीकडे नेऊ शकतो. बस."

ती बसली, आणि अंग चोरून, श्वास धरून पलीकडे गेली.

काजळगडच्या पायथ्याशी एक तरुण खडकावर बसून भाला पाजळीत होता. ऊन लख्ख होतं. खडकाची सावली पडली होती, भाल्याची पडली होती, त्याची पडली नव्हती. ज्याची सावली मांत्रिक सैन्यात न घालता स्वतःजवळ ठेवून घेतो तो कलंडत नाही. पण त्याच्यावर दिवस मोजले जात नाहीत. म्हणून बकुळाचा काका बकुळाच्याच वयाचा होता.

"काका," ती म्हणाली. "मी मृदुसेनाची मुलगी."

रणधवलानं तिला न्याहाळलं. "नाक त्याचंच. अजून विजेला भितो का?"

"भितात. खिडकी लावून घेतात."

"आणि राज्य?"

"राज्य ठीक आहे. कुणी मरत नाही लढाईत. पण आवाज गेलाय, आणि भाऊ..." तिनं सगळं सांगितलं.

रणधवलानं भाला खाली ठेवला. "तुला सांगतो. पण आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. दोघं मुलगे होतो. तिनं मला का दिलं?"

काकाला बरं वाटेल असं काहीतरी बकुळाच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"तुम्ही नगारा वाजवला असता," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "वाजवला असता." मग सांगू लागला.

"मी त्याच खोलीत होतो. मामा पाटावर बसला. आई तबक घेऊन आली तर दासी म्हणाली, बाईसाहेब, आता तुम्ही ओवाळायचं नसतं. आई म्हणाली, 'नवरा गेला. भाऊ आहे. भाऊ आहे तोवर मी बहीण आहे.' तेव्हाच्या प्रधानानं मामाच्या खिरीत विष कालवलं होतं. मलाही ठाऊक होतं. आईनं वाटी पुढं केली आणि हातातून सांडली. मामा हसला, म्हणाला, 'लहानपणापासून वेंधळीच!' तिनं ती चुकून सांडली नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं होतं, सांडायच्या आधी.

"मग ओवाळलं. मामा म्हणाला, माग. ती म्हणाली, 'माझ्या लेकरांचं राज्य.' मामाला नाही म्हणता येईना. मग त्यानं अट घातली. म्हणाला, 'राज्य ठेव. नगारा दे, एक लेकरू दे. आणि अंजनसेन तबकापुढं हरला हे कुणाला कळता कामा नये. तुझ्या वेशीच्या आत माणसाच्या तोंडून हे निघालं, की माझ्या सावल्या परत फिरतील.' कुठलं लेकरू ते त्यानं तिच्यावर सोडलं. मृदू झोपला होता. त्याला उचलून दिलं असतं तर तो रडत गेला असता, चार दिवस लोक हळहळले असते, आणि ती आज देवी झाली असती. तिनं माझ्याकडे बोट केलं. मी तिला कैदाशीण म्हणालो. माझं पागोटं वाकडं झालं होतं, ते तिनं नीट केलं."

"तुम्ही तिला माफ केलंत?"

"नाही. ती बरोबर होती, आणि ती माझी आई होती. दोन्ही एकदम धरायला माझे हात पुरत नाहीत."

काजळगडचा महाल दिव्यांच्या काजळीनं बांधलेला होता. भिंतीला बोट लागलं की बोट काळं होई. उंच सिंहासन होतं. पण अंजनसेन त्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. हातात काजळाची चांदीची डबी होती, आणि तिच्यातून कुजबुज येत होती.

"कोण?"

"बकुळा. मेघावतीची नात."

"थरथरतेस. भितेस?"

"हो."

"मग आलीस कशी?"

"भीत भीत आले."

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या. "काय हवं?"

"मामाआजोबा, अट सोडा. खरं बोलता येत नाही म्हणून माझा भाऊ मरतोय."

"अट सोडली तर लोक म्हणतील, एवढा मांत्रिक, बहिणीच्या तबकापुढं हरला. या सावल्या धाकानं राहतात, मुली. धाक गेला की या डबीतून निघून माझ्याच अंगावर येतील. तुझ्या भावासाठी मी का मरू?"

हे खरंच होतं. ती बोलली ते भीतीनं, सुचेल तसं.

"तुम्ही जेवायला बसला होता, तेव्हा खीर सांडली होती."

"सांडली होती. मेघी वेंधळी होती."

"त्यात विष होतं. प्रधानानं कालवलेलं. तुम्ही मेला असतात तर सावल्या विरल्या असत्या. राज्य वाचलं असतं, मुलगा वाचला असता, आजीचं नाव राहिलं असतं. तिनं सांडली."

अंजनसेनाच्या हातातली डबी गप्प झाली.

"आणि मग तिनं ओवाळलं," बकुळा म्हणाली. "मामाआजोबा, तुम्ही तबकात काय घातलंत?"

"राज्य दिलं."

"राज्य तिचंच होतं. तुम्ही मुलगा घेतलात, नगारा घेतलात, तिचा शब्द घेतलात. वर अट घातलीत. ओवाळणीला कधी अट असते का? लहान मुलींनाही माहीत असतं. तबकात काय घातलंत?"

म्हातारा समोर पाहू लागला. जणू समोर पाट आहे, रांगोळी आहे, आणि एक बाई उघड्या कपाळानं उभी आहे. साऱ्या जगाचे विधी त्याला पाठ होते. त्यांतल्या एकाही विधीत बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त या एकात होती, आणि ती त्यानंच ठेवली होती.

"काही नाही," तो म्हणाला. "बहिणीचं तबक रिकामं ठेवून मी पाटावरून उठलो."

त्याच्या डोळ्यांतून काजळ ओघळलं. त्यानं तबक मागवलं. निरांजन लावलं, पाट मांडला, स्वतः बसला. "बहीण नाही तर तिच्या लेकीचा मान, लेक नाही तर नातीचा. ओवाळ."

बकुळानं तबक उचललं तशी ज्योत भिंतीभर नाचली. तिनं ओवाळलं.

"माग."

भावाचा श्वास मागावा, काकाची सावली मागावी, की आजीची समाधी? एकच मागायचं. बकुळानं डोळे मिटले. "खरं बोलायची मोकळीक द्या."

"एवढंच?"

"बाकीचं त्यामागून येईल असं वाटतं. नक्की ठाऊक नाही."

अंजनसेनानं डबी तबकात ठेवली. तोंड उघडलं, अट घालायची जुनी सवय. पण जीभ चावली. बकुळानं डबीचं झाकण काढलं. सावल्या उठल्या, क्षणभर म्हाताऱ्यावर झुकल्या. निरांजन अजून त्याच्यापुढं तेवत होतं. ओवाळलेल्या माणसाला त्यांनी हात लावला नाही. बगळ्यांच्या माळेसारख्या त्या खिडकीतून निघून गेल्या. ज्यांची माणसं जिवंत होती त्या माणसांकडे, ज्यांची नव्हती त्या मातीकडे. मांत्रिक संपला. पाटावर एक साधा म्हातारा उरला.

"मी रडलो हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला, आणि लगेच, "नाही, नाही. अट नाही. सांग."

खाली खडकाजवळ रणधवलाला त्याची सावली मिळाली होती, आणि तिच्याबरोबर राहिलेली सगळी वर्षंही. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. "एकदम आलं हे," तो म्हणाला, आणि गुडघे धरून हसला. दोघं नगाऱ्यावर बसली. तळ्याच्या मध्यावर रणधवलाचा हात आपोआप टिपराकडे गेला. बकुळा श्वास धरून बघत राहिली. हात हवेत थांबला, मांडीवर परत आला. काठाला लागल्यावर रणधवलानं भाल्यानं नगाऱ्याचं कातडं फाडलं. तो बुडबुडे सोडीत तळाशी गेला.

अमावास्येची दुपार. समाधीभोवती सारं नगर जमलं होतं. कुदळी आल्या होत्या. राजा मृदुसेन बाळाला घेऊन उभा होता. बाळाचे ओठ निळे पडले होते.

"थांबा!" बकुळा ओरडली. तिचा आवाज चिरकला, पण तिनं सांगितलं. दरवाजा, खीर, तबक, अट, सगळं. सांगताना दोनदा अडली, एकदा मागचं पुढं झालं.

गर्दीतून मंजुळा तेलीण म्हणाली, "नातच ती! आजीची री ओढणार नाही तर काय आमची ओढणार?"

लोक हसले. प्रधान म्हणाला, "राजकन्ये, याला साक्ष कोण?"

कुदळ उचलली गेली. तेव्हा एक वाकलेला म्हातारा गर्दीतून पुढं आला.

"मी रणधवल."

कुणी ओळखलं नाही. मृदुसेनानं ओळखलं. त्याच्या तोंडून फक्त "दादा" एवढंच निघालं.

"तुम्ही माझ्या नावानं तिला शिव्या देता असं ऐकलं," रणधवल लोकांना म्हणाला. "तर मग माझंच ऐका. मी तिला माफ केलेलं नाही. करीन असं वाटत नाही. तिनं एक लेक गमावला आणि मी सगळं आयुष्य. पण ही पोर सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तिथं होतो. तिनं भावाला मारलं नाही, आणि तुम्हालाही मरू दिलं नाही. दोन्ही घरं राखली, आणि तिला स्वतःला राहायला एकही उरलं नाही."

कुदळवाल्यानं कुदळ हळूच खाली टेकवली, आणि ती दगडाला लागून खणकन वाजली.

तो माणूस आपल्याच कुदळीकडे बघत राहिला. मग लांबून काहीतरी येऊ लागलं. वारा की काय, लोकांना कळेना. मग कळलं, नदी. मग गाईंच्या घंटा, मग देवळाची, मग झाडाझाडांतून पाखरांचा असा कल्ला उठला की पोरं घाबरून आयांना बिलगली. त्यांनी तो जन्मात ऐकला नव्हता. आणि या सगळ्यात राजाच्या हातातल्या बाळानं तोंड उघडलं, चेहरा लालबुंद केला आणि टाहो फोडला. असा फोडला की मृदुसेन दचकला, प्रधान दचकला, राणी पडदा सारून अनवाणी धावत आली.

समाधी तिथंच राहिली. राजानं दवंडी पिटवली नाही की राजमातेला देवी म्हणा. रणधवल गादीवर बसला नाही; भावाच्या शेजारी बसे, आणि वीज चमकली की उठून खिडकी लावी. दरवर्षी एक म्हातारा काजळगडाहून येई, बकुळा त्याला ओवाळी, तो तबकात काहीबाही घाली आणि पोटभर खीर खाई.

आणि घाटावर?

घाटावर बायका धुणं आपटता आपटता भांडत.

"मी असते तर धाकट्याला दिलं असतं," मंजुळा तेलीण म्हणे.

"आणि थोरल्यानं नगारा वाजवला असता. मग तुझा नवरा कुठं असता गं?"

"म्हणून काय पोटचं पोर द्यायचं?"

"मग खीर पाजायची होती?"

"पाजायची! नाही... भाऊ ना तो. थांब, मला विचार करू दे."

नदीचा खळखळाट मोठा, म्हणून त्यांना एकमेकींच्या कानाशी ओरडावं लागे. त्या अजून ओरडताहेत. निवाडा झालेला नाही. झाला की कळवतील म्हणाल्या.